ढोल वाजला की ती यायची

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. बिदरजवळच्या कमठाण्यात, एकेकाळच्या एका मेंढपाळाच्या घरी दोन खुंट्यांवर मला टांगून ठेवलं आहे. माझं एका बाजूचं कातडं तडकलं आहे आणि लाकडावर खोल ओरखडे आहेत. घरी येणारं प्रत्येक लेकरू त्या ओरखड्यांत बोट घालून बघतं आणि विचारतं, हे कशाचे? मोठी माणसं म्हणतात, अस्वलाचे. एवढ्याने लेकरांचं समाधान होतं. माझं होत नाही, म्हणून आज सगळं सांगतो.

बिदरला आगगाडी नव्याने यायला लागली, त्या सुमाराचा माझा जन्म. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मुडबीच्या निंगप्पाने शिवणीच्या झाडाचं खोड आतून कोरून मला घडवलं. एका तोंडाला बोकडाचं जाड कातडं, दुसऱ्याला शेळीचं पातळ. दोन्ही कातडी दोरीने ताणून बांधली आणि मला उन्हात ठेवलं. मला न्यायला आला तो लिंगाप्पा. उंच, कमी बोलणारा मेंढपाळ. त्याने मला मांडीवर घेऊन थोडा वेळ वाजवलं आणि काही न बोलता गळ्यात अडकवलं.

निंगप्पा म्हणाला, "पसंत हाय का न्हाई, ते तरी सांग."

"गळ्यात घातला की. आनिक काय सांगू?" लिंगाप्पा म्हणाला आणि निघाला.

लिंगाप्पाच्या घरी त्याची बायको म्हाळसा आणि धाकटा भाऊ तुळजाराम होता. पुढे तुळजारामचं लग्न झालं आणि कमलनगरहून पद्मा आली. पावसाळा आणि हिवाळा ते कमठाण्याकडे काढत. उन्हाळा लागला की सगळं बिऱ्हाड तट्टांवर लादून मेंढरं घेऊन पूर्वेला, चिंचोळीकडच्या डोंगरांत जात. तिथे झाडोरा होता आणि ओढ्यांच्या डोहांत पाणी टिकायचं. पाण्याजवळ पाल ठोकायचं, मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण करायचं, आणि चारा आहे तोवर तिथेच राहायचं.

त्या डोंगरांच्या कपारींत अस्वलं राहत. मेंढपाळांना लांडग्यापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. लांडगा एखादं कोकरू उचलतो आणि पळतो. अस्वल मेंढराला हात लावत नाही. ते वारुळं उकरतं, मोहाची फुलं खातं, मधाची पोळी ओरबाडतं. पण अंधारात माणूस एकाएकी त्याच्यासमोर आला, तर ते घाबरतं आणि सरळ तोंडावर झेप घेतं. डोळा गेलेली, गाल फाटलेली माणसं त्या भागात गावोगावी दिसायची.

म्हणून लिंगाप्पा रोज जेवण झालं की जाळाजवळ बसून मला वाजवायचा. बिरोबाची गाणी म्हणायचा. तुळजाराम जाळात लाकडं सारायचा, म्हाळसा राखेने भांडी घासत गाण्याला साथ द्यायची. ओढ्यापलीकडे कुठेतरी पाचोळा वाजायचा, थांबायचा, मग लांब लांब जायचा. अस्वलं आमच्या वाटेला जात नव्हती.

हे लवकरच पसरलं. हणमंतप्पा नावाचा दुसरा एक मेंढपाळ होता. तो आपला तळ आमच्या तळाच्या हाकेच्या अंतरावर ठोकायला लागला. म्हणायचा, "लिंगाप्पा, तुझ्या ढोलाच्या भरवशावर डोळा लागतोय बघ आमचा." मैलारच्या जत्रेत माझ्यावर भंडारा उधळत, मला फुलांची माळ घालत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मला वाटायचं, माझ्या आवाजातच अशी काही ताकद आहे की जंगलाने मागे सरकावं.

मग ते कोरडं वर्ष आलं.

त्याआधीच्या पावसाळ्यात पद्माचं तान्हं लेकरू तापाने गेलं होतं. ती घरात वावरायची, भाकरी थापायची, पाणी आणायची, पण कुणाशी फारसं बोलायची नाही. डोंगरात जाताना म्हाळसा नवऱ्याला म्हणाली होती, "हिला संगं घेऊ. घरी बसून हिचं मन जळायलंय."

त्या साली पाऊस निम्माच झाला होता. ओढ्यातला एकच डोह शिल्लक होता. मोह नीट फुलला नाही. जमीन इतकी टणक झाली होती की वारुळं फोडताना अस्वलांची नखं झिजत असतील. एके दिवशी संध्याकाळी पद्मा घागर घेऊन डोहाकडे गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. म्हाळसा भाकरी भाजत होती. मी शेजारीच लिंबाच्या फांदीला अडकवलेला होतो, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"एवढा येळ कामून लागला गं?" म्हाळसाने विचारलं.

"अक्का, पल्याड अस्वल व्हतं. पाठीवर दोन पिल्लं घेऊन वाळू उकरायलं व्हतं. पिल्लं केसांना धरून बसलेली. मी हालले न्हाई. ते गेलं, मग घागर भरली."

"देव पावला म्हण. उद्यापासून ऊन असतानाच पाणी आण, आन् जाताना खोकत, बोलत जा."

पद्मा म्हणाली, "लई वाळलीय अक्का ती. तिला दूध तरी असंल का?"

म्हाळसाने तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून पद्मा एक गोष्ट करू लागली. जेवणं झाली, लिंगाप्पाने मला मांडीवर घेतलं की सगळ्यांचं लक्ष गाण्याकडे असायचं. तेव्हा ती उरलेली भाकरी आंबिलीत कुस्करून, वर गुळाचा खडा ठेवून, तळापासून थोडं दूर, जाळाच्या उजेडाबाहेर असलेल्या एका सपाट खडकावर नेऊन ठेवायची. सकाळी खडक चाटून पुसून लख्ख झालेला असायचा. कुत्री त्या बाजूला तोंड करून भुंकत. पण कुत्री रोजच कशाला तरी भुंकत, कुणी मनावर घेतलं नाही.

फांदीवरून आणि लिंगाप्पाच्या मांडीवरून मला तो खडक दिसायचा. पहिल्या काही रात्री ती मादी बऱ्याच उशिरा, माझा आवाज थांबल्यावर यायची. मग हळूहळू लवकर यायला लागली. मग गाणं चालू असतानाच झुडपांत तिची काळी सावली हलायला लागली. शेवटी असं झालं, की लिंगाप्पाचा पहिला हात माझ्यावर पडायचा आणि ती झुडपातून निघून खडकापाशी येऊन बसायची. माणूस बसतो तशी, मागच्या पायांवर. पिल्लं पाठीवरून उतरायची. पद्मा पालाच्या आडोशाने बघत राहायची. लेकरू गेल्यापासून तिच्या तोंडावर जे नव्हतं, ते त्या वेळी दिसायचं.

एके सकाळी म्हाळसाला खडकाजवळ पावलांचे ठसे दिसले. मोठे, आणि त्यांच्या बाजूला लहान लहान. खडकावर आंबिलीचा वाळलेला ओघळ होता. ती पद्माला घेऊन माझ्या झाडाखाली आली.

"हे तू करायलीस व्हय?"

पद्मा खाली बघत राहिली.

"खरं सांग. तुळजारामला मी सांगणार न्हाई."

"उपाशी व्हती, अक्का. लेकरं पाठीवर घेऊन हिंडायली."

म्हाळसा तिच्याजवळ बसली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, त्यात भीती होती. "पद्मा, तुझं दुःख मला कळत न्हाई असं न्हाई. पर ती आज खडकावर यायलीय, उद्या चुलीवर येईल. आजपासून बंद कर. माझी शपथ हाय."

पद्माने मान हलवली. त्या संध्याकाळी तिने खडकावर काही ठेवलं नाही. दोघींनाही वाटलं, झालं, संपलं. लिंगाप्पाला सांगायची गरज आहे, असं दोघींनाही वाटलं नाही.

त्या रात्री जेवणं झाली. लिंगाप्पाने मला घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. ती आली. खडकापाशी बसली. खडक हुंगला, चाटला, पुन्हा बसली. मी वाजत होतो आणि ती वाट बघत होती. मग ती उठली आणि वासाच्या मागे, पिल्लांना घेऊन, सरळ आमच्या चुलीकडे चालत आली.

कुत्री केकाटत मागे सरली. तुळजाराम उठून उभा राहिला. लिंगाप्पाने जाळापलीकडे दोन डोळे चमकताना पाहिले. इतक्या वर्षांचा त्याचा अनुभव एकच होता, की ढोलाने अस्वल पळतं. तो मला घेऊन उठला आणि जोराने वाजवत तिच्या दिशेने चालू लागला. तो जितका जोर करायचा, तितकी ती पुढे यायची. पद्मा ओरडली, "अण्णा, वाजवू नगा. थांबा." पण माझ्या आवाजात तिचा आवाज बुडाला.

एक पिल्लू वाट चुकून लिंगाप्पाच्या पायापाशी आलं. मादी दोन पायांवर उभी राहिली. तिचा पहिला पंजा माझ्या लाकडावर आणि पातळ कातड्यावर बसला. कातडं फाटलं आणि मी पडलो. दुसरा पंजा लिंगाप्पाच्या उजव्या हातावर आणि गालावर बसला. तुळजारामने जळतं लाकूड उचलून तिच्या अंगावर फेकलं, तेव्हा ती वळली आणि पिल्लांना घेऊन अंधारात गेली.

लिंगाप्पा वाचला. त्याला तट्टावर घालून खालच्या गावातल्या वैदूकडे नेलं. गालाची जखम भरली, डोळा शाबूत राहिला. पण उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. तो तळावर परत आला, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या हाताकडे. त्याच्या न बोलण्याचं इतकं ओझं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आजूबाजूच्या तळांवर बोलणं सुरू झालं. लिंगाप्पाच्या ढोलाला बाधा झाली आहे. तो अस्वलाला बोलावतो. ज्या लोकांनी मला माळा घातल्या होत्या, ते आता माझ्या सावलीलाही उभे राहत नव्हते. कुणी म्हणालं, जाळून टाका. मला एका गोणपाटात गुंडाळून सरपणाच्या ढिगावर टाकलं गेलं. तिथे पडल्या पडल्या मी स्वतःला विचारत होतो, इतकी वर्षं मी जिला दूर ठेवलं, तिला मी जवळ कसं आणलं? मला उत्तर माहीत होतं. पण ढोलाला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

मग हणमंतप्पा चार तळांची माणसं घेऊन आला. त्यांच्याकडे कुऱ्हाडी होत्या आणि सुकं गवत होतं. सगळे लिंगाप्पासमोर बसले.

हणमंतप्पा म्हणाला, "कपार हुडकलीय. तोंडाशी गवत पेटवतो. धुरानं भाईर आली की कुऱ्हाडी हायतच."

तुळजाराम म्हणाला, "मी हाय संगं."

लिंगाप्पाने विचारलं, "पिल्लांचं काय?"

"पिल्लांचं काय म्हंजी?" हणमंतप्पा म्हणाला. "उद्या तीच मोठी व्हणार."

तेव्हा पालामागून पद्मा बाहेर आली. त्या रात्रीची ती एक हाक सोडली, तर तिने थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर डोक्यावर ओढून ती उभी राहिली आणि म्हणाली, "तिला ढोलानं बोलावलं न्हाई. मी बोलावलं. रोज रातच्याला खडकावर भाकर ठेवली. गूळ ठेवला. अक्कानं बंद करायला लावलं, त्याच रातीला ती चुलीवर आली."

तुळजारामचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो पद्माकडे निघाला, तशी म्हाळसा मध्ये उभी राहिली.

"मलाबी ठावं व्हतं," ती म्हणाली. "मारायचं तर दोघींना मार."

तुळजाराम तिथेच थांबला.

लिंगाप्पा जखमी हात मांडीवर ठेवून बसला होता. मग त्याने पद्माला विचारलं, "ती यायची कवा? जेवायच्या येळेला?"

"न्हाई. ढोल वाजला की यायची."

"म्हून तवा पळाली न्हाई," लिंगाप्पा हळूच म्हणाला. "आमाला वाटायचं ढोलाला भितीय. तिला ढोल म्हंजी ताट वाढलंय असं वाटायलं." मग तो हणमंतप्पाला म्हणाला, "आम्ही शिकवलं ते आमालाच मोडू द्या. ही अमावास्या जाऊ द्या. त्याच्यानंतर आली तर तुमचं गवत आन् तुमची काडी."

हणमंतप्पाला ते पटलं नव्हतं. पण ज्याचा हात गेला, तोच हे म्हणत होता. तो गवत तिथेच टाकून उठून गेला.

त्या दिवशी आमच्या तळाच्या सवयी बदलल्या. सूर्य मावळायच्या आत जेवण. उरलेलं कुत्र्यांना तिथल्या तिथे. भांडी लगेच राखेने घासून पालात. गूळ आणि पीठ गाठोड्यात बांधून झाडाच्या उंच फांदीला. खडक घासून त्यावर बाभळीचे काटे रचले. जेवणानंतरचा ढोल बंद. मला आता वाजवायचं ते ती दिसली तरच, आणि त्याबरोबर पेटते टेंभे, दगड, आरडाओरडा. माझ्या फाटक्या तोंडावर म्हाळसाने नवीन कातडं ताणलं. प्रश्न एकच होता, वाजवणार कोण? तुळजारामला ताल नव्हता.

पद्मा म्हणाली, "मी वाजवते."

"बायामाणसानं ढोल गळ्यात घालायचा?" तुळजाराम म्हणाला.

लिंगाप्पा म्हणाला, "कुणाचा हात हाय ते अस्वलाला कळत न्हाई. शिकवतो मी."

दिवसा, मेंढरं चरत असताना, तो डाव्या हाताने माझ्यावर बोल काढून दाखवायचा आणि पद्मा तसं वाजवायची. तिचा हात हलका होता. पण लवकरच तो जड झाला.

ती मादी आली, त्या रात्री चांदणं पडलं होतं. खडकापाशी आली आणि काटे बघून थांबली. पद्माने मला गळ्यात घातलं. माझी दोरी ताणून घेतली. मग तिने वाजवलं. मादी नेहमीसारखी खाली बसली. त्याच क्षणी तुळजारामचा टेंभा आणि दगड तिच्या दिशेने गेले. ती दचकून उठली, पुन्हा पद्माकडे पाहू लागली. पद्मा रडत होती आणि वाजवत होती. "जा," ती म्हणत होती, "जा गं बाई, जा." एक दगड मादीच्या खांद्यावर बसला. तेव्हा ती पळाली. पिल्लं मागून धडपडत गेली.

ती पुन्हा आली, पुन्हा पळाली. मग माझा पहिला आवाज निघताच झुडपातला पाचोळा दूर जाऊ लागला, पूर्वी जायचा तसा. अमावास्या झाली. हणमंतप्पाने गवत परत नेलं. लिंगाप्पाने पद्माला एवढंच म्हटलं, "आता नीट वाजायलंय."

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मी आनंदाने सांगितली असती. पण पावसाच्या तोंडाला आम्ही बिऱ्हाड आवरत होतो, तेव्हा हणमंतप्पा बातमी घेऊन आला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात लाकूडतोड्यांचा तळ होता. तिथे त्यांनी दोन पिल्लांची एक मादी कुऱ्हाडीने मारली होती. एक पिल्लू तिथेच मेलं. दुसऱ्याला अस्वलं नाचवणारा एक दरवेशी घेऊन गेला.

पद्माने विचारलं, "त्यांच्या अंगावर आली व्हती का ती?"

"न्हाई म्हणत व्हते. जेवणं झाल्यावर ढोलकी घेऊन भजनाला बसले व्हते. ही झुडपातून आली आन् जरा अंतरावर बसली. पंगतीला बसावं तशी. मागून जाऊन घाव घातला."

हणमंतप्पाला त्यातलं काही वावगं वाटलं नाही. तो सांगून गेला. पद्मा हातातली दोरी तशीच धरून उभी होती. म्हाळसाने ती तिच्या हातातून घेतली. आम्ही तिला आमच्या ढोलापासून पळायला शिकवलं होतं. दुसऱ्यांची ढोलकी तिला कोण शिकवणार होतं?

त्यानंतरही पद्माने मला बरीच वर्षं वाजवलं. पुढे राज्यात धामधूम झाली, बंदुका घेतलेली माणसं रानांतून फिरू लागली, तेव्हा रात्री आवाज करायचीच सोय उरली नाही. त्याच दिवसांत लिंगाप्पा गेला. राज्य पालटलं, मेंढरं विकली गेली, तुळजाराम दुसऱ्यांच्या शेतांत राबू लागला. मला या खुंट्यांवर टांगलं गेलं. माझं कातडं तडकलं, दोरी सैल झाली. उंदीर रात्री माझ्या पोटात धावतात.

माझी तक्रार एवढीच आहे, की मला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा आणि माझ्या दोऱ्या ताणा. न वाजलेला ढोल लवकर लाकूड होतो. आणि तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही कधी रानात मुक्काम कराल. जाळ कराल, गाणी म्हणाल, वाजवाल. जरूर वाजवा. अंधारात पाण्याला जाताना बोलत जा, म्हणजे कुणी दचकणार नाही. पण जेवलेल्या जागी एक कणही ठेवू नका. उष्टं तिथे राहिलं, तर तुमचं गाणं जनावराला पळवून लावायच्या ऐवजी बोलावू लागतं. आणि ज्याला तुम्ही बोलावलं, त्याला तुमच्यानंतर येणारा माणूस मारतो.

अजूनही उन्हाळा आला की गावातल्या एखाद्या तळाच्या नव्या सुना निघण्याआधी पद्माबाईंकडे येतात. केस पांढरे व्हायला लागलेल्या पद्माबाई त्यांना जेवण कधी उरकायचं, भांडी कशी घासायची, गूळ कुठे टांगायचा, ते सांगतात. परवा एक जण म्हणाली, "मुकं जनावर हाय काकू, घासभर दिलं तर काय व्हतंय?"

पद्माबाईंनी तिचा हात धरला.

"देऊ नगंस, बाय," त्या म्हणाल्या. "आपल्याला भिऊन राहू दे त्यांना. भेली तर जगतील."